माशांची टांकी आणि तिची गाळणी

इतिहास म्हटला म्हणजे राजे, लढाया आणि तहनामे हेंच आपल्या डोळ्यांपुढें येतें. सारी हयात मींही मुलांना तोच शिकविला. परंतु आज ज्या वस्तूचा इतिहास मी आपणांपुढें मांडणार आहें, ती वस्तु माशांच्या टांकीच्या एका कोपऱ्यांत मुकाट्यानें काम करीत असते आणि तुंबली म्हणजेच तिची आठवण होते. ती वस्तु म्हणजे टांकींतील पाण्याची गाळणी. हा विषय मीं निवडला त्यास एक कारण आहे. तें मला भूषणावह नाहीं. पण तें सांगितल्यावांचून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

१९९४ सालची गोष्ट. मी ज्या शाळेंत शिकवीत होतों, तेथें एका पालकानें कांचेची एक टांकी व सात सोनेरी मासे भेट दिले. टांकींत विजेच्या लहानशा पंपावर चालणारी एक गाळणी होती. तींत वर स्पंज आणि खालीं बारीक खडे. मुलें रोज मधल्या सुटींत टांकीभोंवतीं गोळा होत. वर्षभर मासे सुखानें नांदले. पुढें शाळेच्या तपासणीचा दिवस जवळ आला. पाणी स्वच्छच होतें, परंतु गाळणींतला स्पंज तपकिरी व बुळबुळीत झालेला माझ्या दृष्टीस पडला. साहेबांपुढें शाळेची शोभा होऊं नये म्हणून मीं गाळणी स्वतः बाहेर काढली, स्पंज मूळचा रंग दिसेपर्यंत नळाखालीं पिळून पिळून धुतला, खडे घांसून उन्हांत वाळविले आणि टांकींतलें सगळें पाणीही बदललें. साहेब आले, टांकी पाहून प्रसन्न झाले व गेले. चार दिवसांनीं मासे पाण्याच्या पृष्ठभागाशीं येऊन तोंडें उघडमीट करूं लागले. दोन आठवडे होण्यापूर्वींच सातांपैकीं पांच मासे मेले. पाणी मात्र आरशासारखें निर्मळ होतें.

चौथ्या इयत्तेंतल्या एका मुलानें मला विचारलें, "गुरुजी, घाण होती तोंवर मासे जगले, मग स्वच्छ केल्यावर कसे मेले?" मजपाशीं उत्तर नव्हतें. उत्तर नसलें म्हणजे कित्येक मास्तर जें करतात तेंच मीं केलें; त्याला दटावून जागेवर बसविलें. मी केवळ मॅट्रिक झालेला मनुष्य; रसायनशास्त्राशीं माझा परिचय बेताचाच. परंतु सेवानिवृत्तीनंतर हाताशीं वेळ आला, तेव्हां त्या प्रश्नाचा माग काढीत मीं जें वाचलें, त्याचा गोषवारा आज आपणांस सादर करीत आहें.

मासे कोंडून जिवंत ठेवण्याची विद्या फार जुनी आहे. प्राचीन रोमन धनिक समुद्रकांठीं दगडी हौद बांधून त्यांत मासे पाळीत. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील कृषिग्रंथकार कोलुमेला यानें असे हौद कसे बांधावेत हें सविस्तर लिहून ठेविलें आहे. त्याचा कटाक्ष असा कीं, भरतीच्या लाटेनें आंतलें पाणी सतत नवें होत राहिलें पाहिजे, आणि मासे निसटूं नयेत म्हणून पाण्याच्या वाटांवर बारीक छिद्रांच्या पितळी जाळ्या बसवाव्या. म्हणजे त्या काळीं जाळी मासे अडविण्यापुरती होती. पाणी शुद्ध करण्याचें काम समुद्र फुकट करीत होता. आपल्याकडील नदीचा डोह घ्या कीं कोंकणांतलें खाजण घ्या, न्याय हाच. खरी अडचण उद्भवली ती समुद्र व नदी सोडून माशांना कांचेच्या चार भिंतींत आणल्यावर.

हा उद्योग लंडन शहरांत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सुरू झाला. १८४६ सालीं ॲना थिन् नांवाच्या एका बाईंनीं टॉर्की येथील समुद्रांतून जिवंत प्रवाळ लंडनला आणले. समुद्र दूर, रोज नवें खारें पाणी कोठून आणावें? म्हणून घरांतली मोलकरीण उघड्या खिडकीपाशीं उभी राहून तेंच पाणी एका भांड्यांतून दुसऱ्या भांड्यांत धार धरून ओतीत असे. रोज अर्धा-पाऊण तास हें काम चाले. पाण्यांत हवा मिसळली म्हणजे तें जिवंत राहतें, एवढें त्या बाईंनीं अनुभवानें ओळखलें होतें. आजच्या टांकींत बुडबुडे सोडणारा पंप जें काम करतो, तें त्या अनामिक मोलकरणीनें आपल्या हातांनीं केलें.

याच सुमारास लंडनच्या ॲपोथेकरीज हॉलमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यानें दुसरा मार्ग शोधिला. १८४९ सालीं त्यानें बारा गॅलन पाण्याच्या एका भांड्यांत दोन सोनेरी मासे व एक पाणवनस्पति ठेविली. मासे जो प्राणवायु वापरतात तो वनस्पति परत देते, हें प्रीस्टले व इंगेनहाऊझ यांच्या प्रयोगांवरून त्यास ठाऊक होतें. आरंभीं सर्व ठीक चाललें; पण पुढें वनस्पतीचीं पानें कुजूं लागलीं, पाणी गढूळ झालें. तेव्हां त्यानें तळ्यांतल्या गोगलगाई आणून सोडल्या. त्यांनीं कुजकीं पानें खाऊन टाकलीं व पाणी पुन्हां निवळलें. १८५० सालीं त्यानें हा प्रयोग लंडनच्या केमिकल सोसायटीच्या त्रैमासिकांत प्रसिद्ध केला. मासा, वनस्पति आणि गोगलगाय या तिघांचा तोल साधला म्हणजे पाणी बदलण्याचें कारण नाहीं, असा त्याचा अर्थ लोकांनीं घेतला.

मग काय विचारतां! १८५३ च्या मे महिन्यांत लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत सार्वजनिक मत्स्यगृह उघडलें. १८५४ सालीं फिलिप हेन्री गॉस याचें मत्स्यालयावरील पुस्तक निघालें आणि घरोघरीं कांचेच्या टांक्या ठेवण्याचें वेड लागलें. परंतु बहुसंख्य टांक्यांत मासे मरत, पाणी नासे, दुर्गंधि सुटे; आणि थोड्याच वर्षांत हौशी लोक कंटाळले. वॉरिंग्टनचा तोल खरा होता. पण मोठ्या भांड्यांत दोनच मासे ठेवले होते म्हणून तो टिकला, ही गोष्ट लोकांच्या ध्यानांत आली नाहीं. माशांची संख्या वाढली कीं गोगलगाईंना आवरणार नाहीं अशी एक न दिसणारी घाण पाण्यांत सांचूं लागते.

या अवस्थेंत विल्यम ॲलफर्ड लॉइड हा मोठा व्यवहारी मनुष्य पुढें आला. हा मूळचा लंडनमधील मत्स्यालयाच्या सामानाचा दुकानदार. १८६४ सालीं उघडलेलें हॅम्बर्गचें आणि १८७१ सालीं उघडलेलें लंडनच्या क्रिस्टल पॅलेसचें मत्स्यालय त्याच्याच योजनेनें झालें. त्याची युक्ति अशी होती: प्रेक्षकांना दिसणाऱ्या टांक्या लहान ठेवावयाच्या आणि त्यांच्याखालीं जमिनींत कित्येक पटींनीं मोठा, काळोखा हौद बांधावयाचा. पंपानें रात्रंदिवस पाणी हौदांतून टांक्यांत व टांक्यांतून पुन्हां हौदांत खेळवीत राहावयाचें. तेंच पाणी वर्षानुवर्षें वापरावें, बदलूं नये, असा त्याचा आग्रह असे. नेपल्सला आंतोन डोर्न यानें समुद्रजीवनाच्या अभ्यासासाठीं संस्था काढली, तिच्या १८७४ सालीं उघडलेल्या मत्स्यालयासही लॉइडचा सल्ला मिळाला होता. लॉइडच्या हौदांतलें पाणी का सुधारतें याचें पुरें कारण त्यास सांगतां येत नव्हतें. अंधारामुळें शेवाळ वाढत नाहीं आणि हालचालीमुळें हवा मिसळते, एवढें तो जाणत होता. आज आपण सांगूं शकतों कीं, त्या काळोख्या हौदाच्या भिंतींवर व तळावर आणखी कोणी तरी कामास लागलेलें होतें.

तें कोण, हें समजण्यासाठीं आपणांस मत्स्यालय सोडून शहरांच्या पाणीपुरवठ्याकडे वळलें पाहिजे. १८०४ सालीं स्कॉटलंडमधील पेझ्ली गांवीं जॉन गिब यानें आपल्या कापड धुण्याच्या कारखान्यासाठीं पाणी वाळूंतून गाळण्याची व्यवस्था केली आणि उरलेलें पाणी तो गांवांत विकूं लागला. १८२९ सालीं जेम्स सिंप्सन यानें लंडनच्या चेल्सी वॉटरवर्क्ससाठीं वाळूचे मोठे वाफे बांधले. १८५२ सालच्या कायद्यानें लंडनला थेम्सचें पाणी गाळूनच देणें सक्तीचें झालें. या वाफ्यांत कांहीं दिवसांनीं वाळूच्या पृष्ठभागावर एक चिकट, मळकट साय धरे. जर्मन अभियंते तिला 'श्मुट्झडेके', म्हणजे सरळ मराठींत 'मळाची साय', असें म्हणतात. ती फार दाट झाली म्हणजे पाणी उतरेनासें होई, म्हणून ती खरवडून काढावी लागे. परंतु अनुभवी कामगारांना एक गोष्ट कळून चुकली: नुकताच खरवडलेला वाफा दिसावयास स्वच्छ असला तरी त्याचें पाणी विश्वासार्ह नसतें, नवी साय धरेपर्यंत तें वाहून जाऊं द्यावें लागतें.

याचा भयंकर पुरावा १८९२ सालीं मिळाला. हॅम्बर्ग शहर एल्ब नदीचें पाणी न गाळतां पीत होतें. शेजारचें आल्टोना गांव त्याच नदीचें, तेंही हॅम्बर्गची घाण मिसळल्यानंतरचें पाणी पीत होतें. पण वाळूंतून गाळून. त्या वर्षीं पटकीची सांथ आली. हॅम्बर्गमध्यें ८,६०० हून अधिक माणसें दगावलीं. आल्टोना जवळजवळ बचावलें. पुढें त्याच हिंवाळ्यांत आल्टोनांतही कांहीं लोकांना पटकी झाली. रॉबर्ट कॉख यानें तपास केला तेव्हां त्यास असें आढळलें कीं, कडाक्याच्या थंडींत एक वाफा साफ करीत असतां वाळू गोठली होती आणि त्या वाफ्याचें काम बिघडलें होतें. गाळणी साफ करण्याचा क्षण हाच गाळणीचा सर्वांत नाजूक क्षण असतो, हा धडा त्या वेळीं माणसांच्या प्राणांच्या किंमतीनें शिकावा लागला.

आतां त्या न दिसणाऱ्या घाणीकडे येऊं. मासा श्वासाबरोबर आपल्या कल्ल्यांवाटे पाण्यांत अमोनिया सोडतो. नवसागर व चुना एकत्र चोळला असतां जो झणझणीत वायु नाकांत शिरतो, तोच हा. उरलेलें खाद्य व विष्ठा कुजूनही तोच उत्पन्न होतो. पाण्यांत तो विरघळलेला असल्यामुळें पाणी निर्मळच दिसतें. पण अल्प प्रमाणांतही तो माशांना विषासमान आहे, आणि पाणी उष्ण व क्षारयुक्त असेल तर अधिकच. कापडानें, कापसानें किंवा स्पंजानें तो गाळतां येत नाहीं.

१८७७ सालीं श्लोएझिंग व म्यून्ट्झ या दोघां फ्रेंच शास्त्रज्ञांनीं एका लांब नळींत वाळू व चुनखडी भरून तींतून गटाराचें पाणी सावकाश सोडलें. वीस दिवस कांहींच फरक पडला नाहीं. अमोनिया आंत शिरे तसाच बाहेर येई. नंतर एकाएकीं तो नाहींसा होऊन त्याच्या जागीं नायट्रेट दिसूं लागलें. मग त्यांनीं नळींत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली आणि क्रिया थांबली. निर्जीव रसायनाला भूल पडत नाहीं; तेव्हां हें काम सजीवांचें आहे हें सिद्ध झालें.

येथें इतिहासानें एक मौजेची गांठ घातली आहे. हें वृत्त वाचून इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथील शेतकी प्रयोगशाळेंत एका रसायनशास्त्रज्ञानें तेच प्रयोग पुढें चालविले. अमोनियाचें प्रथम नायट्राईट होतें आणि मग नायट्राईटचें नायट्रेट. आणि हीं दोन कामें दोन निरनिराळे जीव करतात, हें त्यानें दाखविलें. त्याचें नांवही रॉबर्ट वॉरिंग्टन! मासे व गोगलगाई पाळणाऱ्या त्या वॉरिंग्टनचाच हा मुलगा. पित्यानें टांकींतला दिसणारा तोल शोधिला, पुत्रानें न दिसणारा. परंतु बापाच्या टांकींतही हेच जीव राबत असले पाहिजेत, हा धागा त्या काळच्या मत्स्यपालकांनीं जुळविला नाहीं. हे जीव वेगळे काढून दाखविण्यांत मात्र मुलाला यश आलें नाहीं; तें १८९० सालीं झ्यूरिक येथें विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञानें मिळविलें.

शास्त्रांतला शोध हौशी माणसाच्या घरांत पोंचावयास पुष्कळ वेळ लागतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत घरगुती टांक्यांचीं पुस्तकें वनस्पति व माशांच्या तोलाचेंच माहात्म्य गात होतीं. १९४९ सालीं न्यूयॉर्कच्या जेम्स ॲट्झ यानें 'तोललेलें मत्स्यालय' ही एक भ्रामक समजूत आहे, असें स्पष्ट लिहिलें. १९५८ सालीं जपानांत साएकी यानें बंद टांकींत माशांच्या मानानें गाळणी केवढी असावी याचा शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला. याच काळांत, १९५१ सालीं, मुंबईस मरीन ड्राईव्हवर तारापोरवाला मत्स्यालयाचें उद्घाटन राष्ट्रपति राजेंद्रप्रसाद यांच्या हस्तें झालें. लहानपणीं शाळेच्या सहलींत तेथले मासे पाहतांना कांचेपलीकडचें पाणी इतकें नितळ कसें राहतें, असा प्रश्न माझ्या मनांत आला नव्हता. समोर मासा असतांना गाळणी कोण पाहतो?

शोध अद्याप संपलेला नाहीं. नायट्राईटचें नायट्रेट करणारा जीव म्हणून 'नायट्रोबॅक्टर' याचें नांव शंभर वर्षें पुस्तकांत होतें. १९९८ सालीं असें आढळलें कीं गोड्या पाण्याच्या टांक्यांत हें काम मुख्यतः 'नायट्रोस्पायरा' जातीचे जीव करतात. आणि २०१५ सालीं तर दोन्ही कामें एकटाच पार पाडणारा नायट्रोस्पायरा सांपडला. तो जाहीर करणाऱ्या दोन पथकांपैकीं एकास तो कोठें सांपडला असेल? मासे पाळण्याच्या हौदांच्या गाळणींत! ज्या बुळबुळीत थराला मीं मळ समजून नळाखालीं धुऊन टाकलें, त्यांत शास्त्रज्ञांना असा नवा जीव मिळाला.

आतां माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तर देतां येतें. गाळणीचीं कामें दोन आहेत आणि त्यांची निगा परस्परविरुद्ध आहे. पहिलें काम तरंगता गाळ अडविण्याचें. तो गाळ तसाच राहिला तर कुजून त्याचाच अमोनिया होतो, शिवाय पाण्याची वाट तुंबते. म्हणून गाळ अडविणारा वरचा थर वरचेवर धुतला पाहिजे. दुसरें काम जीवाणूंचें. त्यांचें घर म्हणजे स्पंज व खडे यांवरील तो बुळबुळीत थर. त्यांस शक्य तितकें कमी हालवावें. मीं नळाचें पाणी वापरलें, त्यांत जंतु मारण्यासाठीं घातलेलें क्लोरीन होतें. खडे उन्हांत वाळविले, त्यानें उरलेसुरले जीवाणूही संपले. वर्षभराची वस्ती मीं एका दुपारीं उठविली. आणि मासे मात्र तितकेच होते, खाद्यही तितकेंच. ज्या दिवसांत श्लोएझिंगच्या नळींतून अमोनिया जसाच्या तसा बाहेर येत होता, तसे ते दिवस होते. फरक इतकाच कीं माझ्या नळीच्या टोकाशीं जिवंत मासे होते.

आपल्या घरांतल्या बायकांना हें शास्त्र निराळ्या रूपांत फार पूर्वींपासून ठाऊक आहे. दह्याचें भांडें कितीही लख्ख घांसलें तरी उद्यांसाठीं चमचाभर विरजण काढून ठेवल्यावांचून कोणी गृहिणी भांडें विसळीत नाहीं. गाळणीचेंही तसेंच करावें. टांकींतलेंच थोडें पाणी बादलींत काढून त्यांत स्पंज हलक्या हातानें खळबळावा. साबण किंवा सोडा कदापि लावूं नये. एका वेळीं अर्धाच भाग धुवावा आणि दुसऱ्या अर्ध्यास निदान दोन आठवडे हात लावूं नये. गाळणी धुतली त्याच दिवशीं सगळें पाणी बदलूं नये. जीवाणूंनाही प्राणवायु लागतो, म्हणून पंप तासन्‌तास बंद ठेवूं नये. शेवटीं उरणारें नायट्रेट फारसें विषारी नसलें तरी सांचत जातें. त्यासाठीं थोडें थोडें पाणी नियमानें बदलावें, आणि तें नळाचें असल्यास त्यांतील क्लोरीन आधीं घालवावें. आणि चुकून माझ्यासारखें घडलेंच, तर खाद्य अगदीं कमी करून रोज थोडें पाणी बदलावें व नवी वस्ती होईपर्यंत धीर धरावा.

श्रोतेहो, स्वच्छता वाईट, असें मला मुळींच सुचवावयाचें नाहीं. हॅम्बर्गचीं ती साडेआठ हजार माणसें घाणीनेंच मेलीं. परंतु डोळ्यांना जें स्वच्छ दिसतें तेंच शुद्ध, ही समजूत खरी नव्हे, एवढें मात्र हा इतिहास सांगतो.

तो मुलगा आतां चाळिशीचा असेल. कोठें आहे तें मला ठाऊक नाहीं. त्या दिवशीं मीं साहेबांना लख्ख टांकी दाखविली आणि त्याचा खरा प्रश्न मात्र दटावून झांकला. त्याच्या कानीं आज हें भाषण पडत असेल, तर त्यानें इतकें समजावें कीं त्याचा प्रश्न बरोबर होता, मास्तर चुकले होते, आणि उत्तर उशिरां कां होईना, आज दिलें आहे.